घरातलं माणूस नव्या पंथाकडे ओढलं जात असेल तर : काय पाहायचं, काय करायचं (सोलापूर)

सिद्धेश्वरपेठी (धागाकर्ता)

"आईला कुणीतरी नादी लावलंय, काय करू?" हा प्रश्न इथं सारखा कुठल्या ना कुठल्या धाग्यात डोकावतो. उत्तर बहुतेक वेळा "सगळे भोंदू, पोलिसांत द्या" एवढंच मिळतं. घरच्यांना त्याचा काडीचा उपयोग होत नाही, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहूया. एकच विनंती आहे. चालू असलेल्या कुठल्याही गटाचं किंवा बाबा-माताजींचं नाव घेऊ नका. नाव आलं की धागा बाजूने आणि विरुद्ध असा फाटतो आणि ज्याला मदत हवी तो निघून जातो.

पंथ नवा असणं हा गुन्हा नाही, हे आपल्या शहराला तरी सांगायला नको. बाराव्या शतकातली शरणांची (शिवभक्तांची) चळवळ त्या काळी नवीच होती, आणि सिद्धरामेश्वर त्यातलेच. आर्य समाजाची मोठी परिषद डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात भरली, तेव्हा तो समाजही अनेक घरांत वादाचा विषय होता. अभ्यासक म्हणूनच सरसकट शिवी न देता 'नवधार्मिक चळवळ' असा शब्द वापरतात. आपणही श्रद्धा काय आहे हे बाजूला ठेवून वागणूक काय आहे ते पाहू.

दुसरा गैरसमज असा की अडाणी माणसंच यात सापडतात. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या जपानी पंथात विज्ञानाचे पदवीधर होते, हृदयाची शस्त्रक्रिया करणारा एक सर्जनही होता. उलट बाजूही पाहा. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये युनिफिकेशन चर्च या नव्या पंथाच्या शिबिरांना आलेल्या लोकांचा माग ठेवला. १९७९ मधल्या हजारभर शिबिरार्थींपैकी दहातले नऊ जण पंथात गेलेच नाहीत, आणि गेलेल्यांपैकी बरेच जण दोन वर्षांत बाहेर पडले. म्हणजे 'ब्रेनवॉश' करून कुणालाही ओढता येतं हे खरं नाही. म्हणून मला विचारायचा प्रश्न वेगळा वाटतो : ओढलं गेलेल्या माणसाच्या आयुष्यात त्या वेळी काय चाललं होतं? नवरा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष, निवृत्तीनंतरचे रिकामे महिने, मोडलेलं लग्न, हॉस्टेलचं पहिलं सेमिस्टर, कर्जाचा थकलेला हप्ता, निदान न होणारं दुखणं. आपल्याकडे आणखी एक आहे. मुलं पुण्याला नोकरीला, आणि इथं तीन खोल्यांत दोघंच म्हातारी.

---

कुचननगर

सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत, हे कसं चालतं ते लिहितो. दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. बोलायला येणारी बाई अशा वेळी येते. ती तेलुगूत बोलते, सोबत पान-तंबाखू नीट करू लागते आणि देवाचं नावसुद्धा काढत नाही. सासूचं दुखणं, बचत गटाचा हप्ता, पोराचं दहावीचं वर्ष, सगळं ऐकून घेते.

दुसऱ्या दिवशी फोन : "अक्का, काल तुमचा चेहरा उतरलेला दिसला, रात्रभर तुमचाच विचार होता मनात." वर्षानुवर्षं जिला कुणी असं विचारलं नाही, ती तिथंच विरघळते. मग गुरुवारी एका घरी बैठक. नव्या माणसाला पुढे बसवतात, नावाने हाक मारतात, उठायच्या आत वहीत नाव, नंबर आणि 'अडचण' असे तीन रकाने भरून घेतात. त्या तिसऱ्या रकान्याकडे लक्ष ठेवा. पुढच्या बैठकीत वर बसलेली व्यक्ती तीच अडचण 'ओळखून' दाखवते. घरी येऊन बाई सांगते, "मी काही न बोलता त्यांना कळलं."

पैसे पहिल्या महिन्यात कुणी मागत नाही. नंतर ५१, मग ५०१, मग एखादं शिबिर, मग घरातल्या दोषासाठी 'संकल्प'. संकल्पाची रक्कम ठरवताना समोरच्याकडे किती आहे याचा अंदाज वहीवरून आधीच आलेला असतो. शेवटी अंगावरचं सोनं तारण ठेवणं, नाहीतर पतसंस्थेत दुसऱ्या सेवेकऱ्याला जामीन राहणं. जामीनकीचं घरी सगळ्यात उशिरा कळतं, कारण त्यात आपल्या खात्यातून लगेच काहीच जात नाही.

---

शेंगाचटणी

मला हे पटत नाही. चौकशी करणं, नावाने हाक मारणं, गुरुवारी जमणं हे प्रत्येक भजनी मंडळात होतं. वारीच्या दिंडीतही नवख्या माणसाला सांभाळून घेतात. अशा याद्या वाचून एखाद्या घरात सुनेनं सासूचं मंडळ बंद पाडलं तर त्या म्हातारीचा एकुलता आधार जाईल.

---

सिद्धेश्वरपेठी

तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि ती चूक घडतेच. जवळीक ही खूण नव्हेच. फरक कळतो तो 'नाही' म्हटल्यावर. दोन गुरुवार गेलं नाही तर दिंडीवाले म्हणतात, "या सवडीनं." दुसरीकडे घरी माणसं येतात, बाहेर पडलेल्यांचे अपघात आणि आजार मोजून दाखवतात.

मी घरच्यांना चार गोष्टी पाहायला सांगतो. सोडून गेलेल्याशी उरलेले बोलतात का? हिशेब मागता येतो का? डॉक्टर, वकील, भाऊ अशा बाहेरच्या माणसाचं मत घेतलेलं चालतं का? आणि प्रमुखाला लागू नसलेले नियम बाकीच्यांना आहेत का? चारही उत्तरं वाईट आली तर पंथ पाचशे वर्षं जुना असला तरी काळजी करा. चारही ठीक असतील तर तो कालपरवा निघालेला असला तरी सासूबाईंना सुखाने जाऊ द्या.

---

बाराबंदी

हिशेबावरून आठवलं, पावती कशी वाचायची ते सांगतो. पावतीवर संस्थेचं नाव, पत्ता, सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि पॅन हवा. ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) आहे म्हणत असतील तर फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मागा. रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर ती सवलत मिळतच नाही, त्यामुळे "८०जी आहे, पण रोखच द्या" हे वाक्य स्वतःच उत्तर आहे. नुसता गुरूंचा फोटो, 'सेवा' असा शिक्का आणि हाताने घातलेली रक्कम असेल तर ती पावती नव्हे, चिठ्ठी आहे. तरी फाडू नका, पुढे तीच पुरावा होते.

यूपीआयने पैसे जात असतील तर पैसे घेणाऱ्याचं नाव बघा. संस्थेच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. क्रमांक खरा निघाला तर धर्मादाय कार्यालयात अर्ज देऊन परिशिष्ट एकचा उतारा मागता येतो. विश्वस्त कोण आणि मिळकत कोणती हे त्यात दिसतं. विश्वस्तांत एकाच घरातली माणसं असणं बेकायदा नाही, पण माहीत असलेलं बरं.

---

कोर्टरोड

कायद्याचं लिहितो. यात अर्धवट माहितीने फार नुकसान होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात 'अंधश्रद्धा' हा गुन्हा नाही. अनुसूचीत बारा कृत्यं दिली आहेत, तीच गुन्हा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, अंगात आल्याचं भासवून धमकावणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखणं, अवतार असल्याचं सांगून लैंगिक संबंध ठेवणं वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. वारी, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा यांना कायद्याने स्पष्ट वगळलं आहे.

म्हणून तक्रारीत "अंधश्रद्धा पसरवतात" लिहिलंत तर कागद टेबलावरच राहतो. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, किती रुपये, कशाने दिले, समोर कोण होतं, असं लिहा. फसवणुकीला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुन्या ४२० च्या जागी. व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत तो फोन विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. शहरात आयुक्तालय, तालुक्यात ग्रामीण अधीक्षक. तरीही दखल नाही घेतली तर न्यायदंडाधिकारी. गट ठेवी घेऊन परतावा कबूल करत असेल तर १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागतो, म्हणजे आर्थिक गुन्हे शाखा.

दुर्लक्ष केलं तर काय होतं याचं उदाहरण लांबचं नाही. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण मृत सापडले. आधी कर्जापायी आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी गुप्तधनाच्या आमिषातून विष दिल्याचा आरोप ठेवून दोघांना अटक केली, आणि ते दोघे आपल्या सोलापूरचे होते.

---

होटगीनाका

वकीलसाहेब, शेत किंवा घर बक्षीसपत्राने गुरूंच्या नावे करून दिलं तर परत मिळू शकतं का?

---

कोर्टरोड

मिळू शकतं, पण वेळ महत्त्वाचा. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये 'अनुचित प्रभाव' आहे आणि गुरु-शिष्य हे त्याचं जुनं उदाहरण. मन्नू सिंग विरुद्ध उमादत पांडे या १८९० च्या निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका वृद्धाने परलोकीच्या पुण्यासाठी गुरूला लिहून दिलेली सगळी मिळकत परत मिळवून दिली. असे संबंध असले आणि व्यवहार उघड एकतर्फी दिसला की दडपण नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मात्र दस्त रद्द करायचा दावा खरी परिस्थिती कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. "अजून वाट बघू" म्हणत लोक इथंच अडकतात.

वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल तर कर्त्याला धर्मकार्यासाठी वाजवी, थोडा भाग देता येतो, सगळी नाही. शंका असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. शेताचा फेरफार धरला गेला तर हरकतीला नोटिशीपासून १५ दिवस असतात, त्या १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बँकेत 'दोघांपैकी कुणीही' असं संयुक्त खातं असेल तर दुसरा खातेदार लेखी पत्र देऊन दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार थांबवायला सांगू शकतो. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही झालेली असेल तर चेक लगेच थांबवा आणि ठाण्यात अर्ज देऊन ठेवा.

---

अश्विनीनक्षत्र

पैसे परत मिळतात, गेलेला जीव येत नाही, म्हणून औषधांचं लिहिते. घरातल्या माणसाने गोळ्या बंद केल्यात का हे रोज पाहा. विचारू नका, पट्टी मोजा. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी २० तारखेला १० उरायला हव्यात. २५ दिसल्या तर काय ते कळलं.

सगळ्यात घाईचं म्हणजे टाइप वन मधुमेहाचं इन्सुलिन. ते थांबवलं की एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. त्या क्षणी वाद नको, थेट सिव्हिलचा अपघात विभाग. फिट्सच्या गोळ्या एकदम तोडल्या तर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात. बरेच महिने चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही एकदम बंद करता येत नाहीत. टीबीचं औषध मधेच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या मुलांनाही तोच हट्टी टीबी लागू शकतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पहाटे चारची साधना, रात्री उशिराची बैठक, मधे उपास, यात झोप चार तासांवर येते. ज्याला बायपोलर आजार आहे किंवा त्याचा कल आहे, त्याला झोपेचा तुटवडाच मेनियात ढकलतो. माणूस भराभर बोलतो, थकत नाही, आपल्याला संदेश येतात म्हणतो. गट त्याला साक्षात्कार समजून आणखी जागवतो. अशा वेळी पहिला उपाय झोप आणि त्याच आठवड्यात मानसोपचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

---

शेंगाचटणी

ताई, मग अशा माणसाला धरून दवाखान्यात भरती करता येईल का? बरेच जण हेच विचारतात.

---

अश्विनीनक्षत्र

नुसत्या श्रद्धेवरून नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ सांगतं की समाजातल्या रूढ धार्मिक समजुतींशी न जुळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. खरा आजार असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल, तरच तज्ज्ञांच्या तपासणीनंतर कलम ८९ खाली भरती होते.

---

सिद्धेश्वरपेठी

पळवून आणून 'शुद्धीवर आणण्याचा' प्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकात भरपूर झाला. माणसांना कोंडून दिवसरात्र त्यांच्याशी वाद घालत. करणाऱ्यांपैकी काहींना शिक्षा झाल्या. अनेक जण परत गटात गेले आणि या वेळी घरच्यांना कायमचे तोडून गेले.

वादाने श्रद्धा तुटत नाही, भाकीत खोटं पडूनही तुटतेच असं नाही. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार म्हणणारा एक अमेरिकन गट लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी आत शिरून अभ्यासला. पूर आला नाही, तर आपल्या श्रद्धेमुळेच जग वाचलं असं गटाने ठरवलं. संशोधकच गटात मिसळले होते म्हणून त्या अभ्यासावर आक्षेप आहेत. पण ज्याने घर, नोकरी, नाती लावली आहेत त्याला "चुकलो" म्हणणं किती महाग पडतं हे त्यातून कळतं.

म्हणून बोलताना गुरूवर बोलू नका. "तुझी झोप होते का?", "ताईच्या बारशाला येशील ना?" असं बोला. आठवड्याचा एक फोन ठरवा आणि त्यात पंथाचा विषय आपण काढायचा नाही. उसने पैसे देऊ नका, पण भाजी-भाकरी, औषध, प्रवासाचं तिकीट द्या. शंका त्यांच्या तोंडून आली तर झडप घालू नका, नुसतं विचारा, "मग तुला काय वाटलं?" 'आमच्यात यायचं तर ते सोड' ही अट घातली की प्रमुखाने आधीच सांगून ठेवलेलं असतं ते खरं ठरतं : बाहेरचे तुझे नाहीत.

---

कोर्टरोड

सज्ञान मुलगी आश्रमात राहायला गेली असेल तर एक जोडतो. आधी ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार द्या. बंदी प्रत्यक्षीकरणाची (माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी) याचिका आता मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. पण मुलीने कोर्टात "मी माझ्या मर्जीने आहे" म्हटलं तर कोर्ट तिला जाऊ देईल. धर्म बदलून लग्न केलेल्या हादियाच्या २०१८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीची निवड आईवडिलांच्या इच्छेपेक्षा वर ठेवली. याचिकेने निदान ती सुखरूप आहे हे समजतं, तेही कमी नाही.

अठराच्या आतलं मूल असेल तर सगळं उलटं. बेपत्ता मूल म्हणजे थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न देणं पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) स्वतंत्र गुन्हा आहे, 'गुरूंची बदनामी नको' हे कारण चालत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून गटात ठेवलं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जा.

---

बाराबंदी

एक विचार बाकी राहिला. दोषाच्या भीतीने पैसे काढायचा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. जपानमध्ये युनिफिकेशन चर्च पूर्वजांच्या पापांच्या नावाने भरमसाट किमतीला फुलदाण्या आणि शिक्के विकत असे. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून ८ जुलै २०२२ ला झाला. आईच्या देणग्यांनी घर बुडालं हा मारेकऱ्याचा राग त्यामागे होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथं भीती घालून देणग्या घेण्यावर बंदी आणणारा कायदा झाला, आणि मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्या चर्चचा धर्मसंस्था हा दर्जा काढून विसर्जनाचा आदेश दिला. तिथले वकील अनेक वर्षं एकेका पावतीवरून घरोघरचं नुकसान जोडत होते. म्हणून म्हणतो, चिठ्ठ्या जपा.

---

कुचननगर

माणूस बाहेर यायला तयार झालं की आधी कागद. आधार, रेशनकार्ड, पासबुक, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं. "सांभाळायला" म्हणून गटाकडे दिलेली असतात. मागताना भांडण नको, "बँकेत केवायसी आहे" एवढं सांगून आणायची. नाहीच दिली तर अडून बसू नका. आधार पुन्हा निघतं. गुणपत्रकाची दुय्यम प्रत शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडून मिळते. मग फोनचा नंबर बदला, सगळे पासवर्ड बदला, गुरुवारच्या वेळेला घरात कुणीतरी असू द्या, कारण पहिले काही आठवडे त्याच वेळेला माणसं दाराशी येतात.

---

होटगीनाका

आणि घरी आल्यावर काय करायचं?

---

अश्विनीनक्षत्र

पहिले काही आठवडे झोप, जेवण आणि बंद केलेली औषधं डॉक्टरांना विचारून परत सुरू. पहाटे चारला जाग येतच राहते, अंधारात एकटं बसवत नाही, एखादा मंत्र आपोआप तोंडात येतो, शाप लागेल अशी भीती वाटते. हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. तेव्हा घरातल्या कुणीतरी उठून चहा ठेवावा. "कशी काय फसलीस?" हा प्रश्न कुणीच विचारू नये, शेजाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. देवपूजा करावीशी वाटली तर करू द्या. सिद्धेश्वराच्या तळ्यावर संध्याकाळी जायचं म्हणाली तर सोबत जा.